मी एका तळ्याला भरती आणली

मला बोट लागते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं कळायला सोपं जाईल. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, अशा देवबागच्या वाळूच्या पट्टीवर माझा जन्म. वडील तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य. आजोबा, पणजोबाही तांडेल. आणि मी होडीत पाय ठेवला की सकाळची पेज बाहेर. वडिलांनी तीन-चारदा नेऊन पाहिलं. नंतर गडीच म्हणाले, ह्याला घरी ठेवा, मासे सोडून ह्यालाच सांभाळत बसावं लागतं. गावात माझी इतकी टर उडाली की मी चिडून अभ्यासाला लागलो. लोक म्हणायचे, पोर हुशार आहे. कसली हुशारी, सगळा राग होता तो.

मालवणला राहून मॅट्रिक झालो. चित्रकलेत हात बरा होता, गणित बरं होतं, त्या जोरावर पन्नासच्या दशकाच्या मध्याला सरकारच्या नकाशे करणाऱ्या खात्यात लागलो. दोन वर्षं त्यांनी काम शिकवलं आणि मग पाठवलं ते थेट हिमालयात. आई म्हणाली, "बरा झाला. डोंगरात कोण बुडाचो नाय." तिचा एक भाऊ समुद्रात गेला होता, तेव्हा तिचं म्हणणं मला समजत होतं. मलाही सुटल्यासारखं वाटत होतं, पण ते मी तिला बोलून दाखवलं नाही.

कामाचं थोडं सांगायला हवं. तीन पायांच्या तिकाटण्यावर एक लाकडी फळा, त्यावर घट्ट बसवलेला कागद आणि नेम धरायला एक पितळी पट्टी. ओळखीची तीन शिखरं दिसली की त्यांच्यावरून आपण कागदावर कुठे उभे आहोत ते काढायचं, आणि तिथून दिसेल ती कड, तो ओहोळ, ती कपार जागच्या जागी पेन्सिलीनं उतरवायची. जागच्या जागी, हा आमच्या खात्याचा धर्म. तंबूत बसून अंदाजानं रेघ काढणारा पकडला गेला की त्याची नोकरी गेलीच म्हणून समजा, आणि असा काढून टाकलेला माणूस पुन्हा कुठल्या सरकारी दारात उभा राहत नाही. पकडायला कॅम्पवरचे साहेब असत. ते पाठोपाठ येत आणि न सांगता कुठल्याही कड्यावर उभे राहून आमच्या रेघा पडताळून बघत.

त्या वर्षी माझ्या वाट्याला एका उंच खोऱ्याचं टोक आलं. झाड नाही, वस्ती नाही, उन्हाळ्यात मेंढपाळ येतात तेवढेच. खोऱ्याच्या शेवटी हिमनदी, तिनं पुढे लोटून आणलेल्या दगडमातीचा आडवा बांध आणि त्या बांधामागे साठलेलं तळं. पाणी हिरवट दुधाळ, तळ दिसत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिथेच बसलो. इतक्या महिन्यांनी मोठं पाणी समोर होतं आणि ते मला हलवत नव्हतं. फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तळ्याच्या उत्तरेला, कड्याच्या पायथ्याशी, सगळ्या धोंड्यांवर एका पातळीत पांढरट पट्टा होता. त्याच्या खाली वाळलेला बारीक राखी गाळ. पाणी त्या पट्ट्यापासून दोनशे पावलं आत. आता देवबागच्या माणसाला हे काय कोणी समजावून द्यायला हवं? पट्टा म्हणजे भरतीची खूण. सकाळची वेळ आहे, सुकती म्हणजे ओहोटी आहे, पाणी येईल वर. आमच्याकडे जमीन कुठे संपते असं विचारलं तर ओहोटीचा काठ कोणी दाखवत नाही. भरती जिथे पोचते तिथे जमीन संपली. लहानपणापासून डोळा तीच रेघ शोधतो. मी फळा लावला आणि धोंड्यांवरच्या पट्ट्यावर नेम धरून तळ्याचा काठ काढायला लागलो.

माझ्याबरोबर एक म्हातारा पहाडी मदतनीस होता. खात्यात मदतनिसाला खलाशी म्हणतात. मालवणच्या माणसाला हसू येईल, पण म्हणतात. तो पट्टीच्या रोखानं बघून म्हणाला, "बाबू, पानी तो उधर है." मी भडकलो. म्हटलं, समुद्रात वाढलोय मी, मला पाणी शिकवतोस? त्यानं विडी पेटवली. समुद्रात वाढलोय म्हणे. समुद्रात ओकलोय एवढंच खरं होतं, पण ते त्या बिचाऱ्याला काय माहीत.

आणि गंमत बघा, दुपारनंतर पाणी खरंच चढलं. ऊन पडलं, बर्फ वितळलं, पाणी वीतभर वर आलं. मी म्हाताऱ्याला बोटानं दाखवलं, बघ म्हणून.  कुठे वीतभर पाणी आणि कुठे दोनशे पावलं, पण ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. तळ्याला भरती नसते हे पुस्तकात वाचलं होतं, त्यावर परीक्षा पास झालो होतो. हातानं मात्र देवबागची रेघ काढली. दुसऱ्या दिवशी ढग आले, तिसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागलं आणि आम्ही खिंड उतरून खाली आलो. मी रेघेवर निळी शाई फिरवली, कागद साहेबांच्या हवाली केला आणि डिसेंबरात रजेवर घरी आलो.

रजेत घरी आलो की वडील जाळं सांधताना मला समोर बसवून डोंगराच्या गोष्टी ऐकत. कौतुक करणाऱ्यातले ते नव्हते, पण ऐकत. त्या दुपारी ते माडाखाली बसले होते आणि मी वाळूत काटकीनं ते तळं काढून दाखवत होतो. बांध इथे, बर्फ इथे, कडा इथे आणि हा काठ. धोंड्यांवरच्या पांढऱ्या पट्ट्याचंही सांगितलं. त्यांनी सुई थांबवली.

"पट्ट्यापर्यंत पाणी कधी येता? दिसाक दोनदा, आपल्यासारख्या?"

त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं होतं.  तळ्याला भरती कुठली यायला? तो पट्टा जुना होता. कधीकाळी पाणी तिथवर असेल, मग बांध कुठेतरी झिजला असेल आणि पाणी उतरलं ते उतरलंच. वाळलेला गाळ मी माझ्या पायांनी तुडवला होता. त्यावर गवत उगवलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. रोज दोनदा बुडणाऱ्या जमिनीवर गवत उगवतं का? देवबागचं शेंबडं पोरही सांगेल. 

वडिलांना सांगून टाकलं, की मी कागदावर जिथे पाणी काढलंय तिथे पाणी नाही.

"चार पावला हंय नायतर थंय," ते म्हणाले. "काय बिघाडला?"

"दोनशे पावला आसत, बाबा. नि ती जमीन आसा. कड्याच्या मुळातसून तेवडीच एक वाट आसा, मेंढरावाले थंयसून जातत. माझ्या नकाशार थंय पाणी आसा, म्हणजे वाट नाय. नकाशो बघून येणारो माणूस दुसऱ्या अंगान बर्फावरसून जातलो. थंय बर्फाक भेगा आसत. माणूस आख्खो आत जाता."

"कोणाक ठावक आसा ह्या?"

"कोणाक नाय."

"कळतला?"

"कदाचित कधीच नाय. नकाशो छापलो की मगे कोण बघूक जाता?"

हे म्हणताना मला जरा बरं वाटलं, कबूल करतो. गप्प बसायचं, विषय संपला. पण वडील सुई हातात तशीच धरून बसले. मग म्हणाले, "खाडीच्या तोंडार पाण्याखाली होडी फोडणारा खडप आसा. माझ्या आज्यान माका त्येची खूण दाखवल्यान. ती धरून मी चाळीस वर्सा होडी हाकतंय. त्येणा खोटी खूण दाखवल्यान असती तर तू झालंच नसतंस. साहेबाक चिठी लिव."

मला राग आला. आमच्या घरात राग काही माझ्या एकट्याच्या वाट्याला आलेला नाही, पण त्या दिवशी वडील शांत होते आणि मी तापलो. "तुमका काय जाता सांगूक? नोकरी माझी जातली. मगे काय करू, तुमच्या होडयेत येव?" त्यांनी सुई पुन्हा जाळ्यात घातली.  नोकरी गेली तर देवबागेत दुसरं काय होतं? त्या पावसाळ्यानंतर त्यांचा एक गडी मुंबईला निघून गेला होता आणि होडीवर एका माणसाची गरज होती. ती जागा मला आताच डोळ्यांसमोर दिसायला लागली.

रागातच दोन दिवस काढले. पण बर्फातली ती भेग काही मनातून जाईना. तिच्यात पडणाऱ्या माणसाला चेहरा नव्हता, पण हातात माझा नकाशा होता. शेवटी लिहायला बसलो.

इंग्रजीत लिहायची, त्यात चूक कबूल करायची आणि कारण द्यायचं, तेही असलं. आमच्या गावात जमीन भरतीच्या रेघेवर संपते म्हणून मी ती हिमालयातही तिथेच संपवली, हे साहेबाला कसं सांगणार? पहिल्या कागदावर सगळं डोळ्यांवर ढकललं, दुसऱ्यावर ढगांवर ढकललं. दोन्ही फाडले. आई येता-जाता बघत होती. तिला ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. शेवटी तिला राहवलं नाही.

"डोंगरात कोण चेडू बघून ठेवलंस काय रे? सांग, मी काय म्हणाचंय नाय. फक्त मासे खाणारी होयी."

"आये, साहेबाक लिवतंय."

"साहेबाक लिवताना कोण इतके कागद फाडता?" असं म्हणून ती गालात हसत निघून गेली.

तिसऱ्या कागदावर जसं घडलं तसं लिहिलं. पांढरा पट्टा, सुकती, म्हाताऱ्या खलाशाचं बोलणं, मी त्याला दिलेलं उत्तर, सगळं. मला बोट लागते एवढं मात्र वगळलं. थोडी अब्रू राखली.

तारकर्लीच्या किनाऱ्यानं चालत मालवणला गेलो. पोस्टाच्या पेटीच्या तोंडात पाकीट धरलं आणि ते काही सोडवेना. मागे एक बाई पोस्टकार्ड घेऊन उभी होती. ती म्हणाली, "टाकतंस काय रे बाबा, काय घेवन जातंस परत?" तेव्हा सोडलं.

मग वाट बघणं आलं. पोस्टमन दोन-तीन दिवसांआड गावात यायचा. तो माडांतून दिसला की मी पडवीतून उठून उभा राहायचो, आणि तो शेजारी वळला की एकदा सुटल्यासारखं वाटायचं आणि लगेच पुन्हा जीव टांगणीला. अन्न गोड लागेना. मी स्वतःशी म्हटलं, व्हायचंच आहे तर सवय तरी करून ठेवावी. एका पहाटे वडिलांना न विचारता होडीत जाऊन बसलो. त्यांनी बघितलं आणि होडी लोटली. होडीवर तारकर्लीचा एक नवा गडी होता. मला वाटलं, माझं नक्की होईपर्यंत चार दिवसांचा बदली असेल.

खाडीच्या तोंडाशी पहिली लाट लागली आणि मी काठाला लटकलो.

"सरकार माशांक जेवाण घालता," एक गडी म्हणाला.

"घालू दे," दुसरा म्हणाला. "आयते जाळ्यात येतत."

सगळे खदखदून हसले. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं, तर तेवढीही सवड पोटानं दिली नाही. वडील सुकाणू धरून पुढे बघत होते. परत आल्यावर मी वाळूवर आडवा पडलो आणि देवाला म्हटलं, काय वाटेल ती शिक्षा दे, ही नको.

रजा संपायला आठवडा उरला होता तेव्हा पाकीट आलं. दुपार होती. आई मागच्या दारी विळीवर मासे कापत होती, वडील पडवीत बसले होते. सरकारी शिक्का बघितला आणि माझ्याच्यानं ते फोडवेना. वडील म्हणाले, "फोड." मी फोडलं.

साहेबांचं अक्षर बारीक होतं आणि लिहिणं तुटक. आम्ही खिंड उतरल्यावर काही दिवसांनी हवा उघडली तेव्हा ते स्वतः समोरच्या कड्यावर चढले होते. तिथून त्यांनी माझ्या तळ्यावर नेम धरला आणि काठ दोनशे पावलं चुकलेला निघाला. एवढी चूक डोळ्यानं होत नाही, तंबूत बसून होते, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तसं लिहून ठेवलं: ह्या माणसानं तळं न बघता काढलं आहे, ह्याला कामावरून काढावं. मी रजेवरून आलो की मला एकदा विचारायचं आणि कागद वर पाठवायचा, इतकंच राहिलं होतं. पुढे त्यांनी लिहिलं होतं, "समोर बोलावून विचारल्यावर तुम्ही हेच कारण दिलं असतंत, तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता. तुमचं पत्र वाचून मी माझी वही काढली. धोंड्यांवरच्या पट्ट्याची मी नोंद केली होती. तुमची रेघ त्या पट्ट्यावर तंतोतंत बसते. तळ्याकाठी न गेलेल्या माणसाला तो पट्टा सापडणार नाही. तुम्हाला काढण्याचा तो कागद मी फाडला आहे. नकाशा छापणं थांबवलं आहे. मोसम उघडला की सगळ्यात आधी त्या तळ्यावर जा आणि पाणी जिथे आहे तिथे काढा. त्याच म्हाताऱ्या खलाशाला बरोबर न्या, आणि ह्या खेपेला त्याचं ऐका."

मी ते दोनदा मनात वाचलं आणि एकदा मोठ्यानं, मालवणीत करून. आईला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती विळीवरून उठून आली, हाताला खवले तसेच.

"म्हणजे चेडू नाय?"

"नाय."

"नि नोकरी आसा?"

"आसा."

"मेल्या, माका कित्याक नाय सांगलंस?" म्हणत तिनं खवल्यांच्या हातानंच पाठीत एक धपाटा घातला. मी हसायला लागलो आणि ते हसू थांबेना. महिनाभरात पहिल्यांदाच सडकून भूक लागली होती. आई म्हणाली, दोन मासे जास्त तळते, आणि पुन्हा मागच्या दारी गेली.

मी वडिलांना म्हटलं, "बाबा, आता माका होडयेर येवचा नको. तो बदली गडी तुमका आणखी किती दीस मिळात?"

"कसलो बदली?"

"तो तारकर्लेचो."

"बदली नाय तो. वर्साचो आसा. तू मालवणाक चिठी टाकूक गेलंस, त्याच दिसा मी तारकर्लेक जावन त्येका शब्द दिलंय."

मला काही कळेना. "नि माझी नोकरी गेली असती तर?"

"गेली असती तर गेली असती. दोन माड आसत, पेज आसा, काय तरी केलं असतंस. दर्यात मातर तुका ओढूचो नाय, ह्या मी त्या दिसा ठरवलंय."

म्हणजे महिनाभर मी ज्या जागेला भीत होतो, ती जागा चिठ्ठी पेटीत पडली त्या दिवशीच भरली होती. माझं डोकंच फिरलं. "मगे सांगलास कित्याक नाय? मी होडयेर इलंय त्या दिसा तरी सांगूचा होता."

"त्या दिसा तू ओकत होतंस," वडील म्हणाले. "ऐकणारो खंय होतंस?"

ते पुन्हा जाळं पुढ्यात ओढून कामाला लागले. मी उठून विहिरीवर गेलो, तोंड धुण्याचं निमित्त केलं आणि पोटभर रडून घेतलं.